गजकर्ण: टर्बिनाफिन विरुद्ध इट्राकोनॅझोल, प्रबंधाचा आराखडा तपासून हवा आहे

त्वचा_निवासी

एमडी त्वचारोगाच्या प्रबंधासाठी अंगावरच्या आणि जांघेतल्या गजकर्णावर तुलनात्मक अभ्यास करायचा विचार आहे. बुरशीविरोधी (अँटिफंगल) गोळ्यांचे दोन गट: टर्बिनाफिन २५० मिग्रॅ रोज एकदा आणि इट्राकोनॅझोल २०० मिग्रॅ रोज, दोन्ही ४ आठवडे. प्रत्येक गटात ३० रुग्ण. चौथ्या आठवड्याला खाज, लाली आणि पापुद्रे गेले की 'बरा' अशी नोंद.

ओपीडीत येणाऱ्या बहुतेकांनी आधी मेडिकलमधून आणलेलं मिश्र मलम (क्लोबेटासोल हे स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि अँटिफंगल एकत्र) लावलेलं असतं. त्यांना वगळलं तर रुग्ण मिळत नाहीत, घेतलं तर निकाल गढूळ होतो. माझे प्रश्न:

१. अशा रुग्णांचं काय करायचं?
२. ३०-३० पुरेत का?
३. केओएच तपासणी (खरवडलेले पापुद्रे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) निगेटिव्ह आली म्हणजे बुरशी गेली असं धरता येईल का?

एथिक्स कमिटीकडे फाइल अजून गेलेली नाही, त्यामुळे काहीही बदलता येईल.

---

ओपीडी_बारा

फाइल गेलेली नाही हे बरं आहे, कारण आधी मूळ प्रश्नच बदलावा असं मला वाटतं.

टर्बिनाफिन की इट्राकोनॅझोल, याचं आपल्या देशापुरतं बरंचसं उत्तर मिळालेलं आहे. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात (बीएचयू) २०० रुग्णांवर चार गटांचा यादृच्छिक अभ्यास झाला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ८ आठवड्यांनी बरे झालेले: इट्राकोनॅझोल ६६ टक्के, फ्लुकोनॅझोल ४२, टर्बिनाफिन २८, ग्रिसिओफल्विन १४. टर्बिनाफिनचा डोस तिथे वजनाच्या किलोमागे ७.५ मिग्रॅ होता, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४५० मिग्रॅ. तुम्ही २५० मिग्रॅ देणार, तेही फक्त ४ आठवडे. म्हणजे निम्म्या रुग्णांना हरणाऱ्या बाजूला बसवायचं हे आधीच ठरल्यासारखं आहे, आणि एथिक्स कमिटीने हा मुद्दा काढायलाच हवा.

टर्बिनाफिन का चालत नाही तेही आराखड्यात यायला हवं. हे औषध बुरशीचं स्क्वालीन इपॉक्सिडेज हे एन्झाइम बंद पाडतं. आपल्याकडे आता पसरलेल्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनिई या जातीत त्या एन्झाइमच्या जनुकात बदल झालेले सापडतात, ३९७ आणि ३९३ या जागांवरचे विशेष. औषध जिथे चिकटायचं ती जागाच बदलते, मग डोस दुप्पट केला तरी फार फरक पडत नाही. अॅझोल गटाची औषधं (इट्राकोनॅझोल त्यातलंच) त्या एन्झाइमच्या रासायनिक साखळीतल्या पुढच्या पायरीवर काम करतात, म्हणून ती अजून चालतात. या जातीला हे नाव २०२० मध्ये जपानी संशोधकांनी दिलं, भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून.

आज उत्तर हवंय ते वेगळ्याच प्रश्नाचं: गोळी कधी थांबवायची? दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात १४९ रुग्णांवर इट्राकोनॅझोल १००, २०० आणि ४०० मिग्रॅ अशी तुलना झाली (२०२२). बरं होण्याच्या प्रमाणात तिन्ही डोसांत म्हणावा असा फरक नव्हता, ४०० ने जरा लवकर आराम पडला इतकंच. पण बरे झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना ८ आठवड्यांच्या आत पुन्हा चट्टे उठले. आपल्या ओपीडीत माणसं तिसऱ्या-चौथ्यांदा येतात ती याचमुळे. तेव्हा दोन्ही गटांना इट्राकोनॅझोल २०० मिग्रॅ द्या. एका गटाचं औषध त्वचा स्वच्छ दिसली त्या दिवशी थांबवा, दुसऱ्याचं त्यानंतर आणखी २ आठवडे चालू ठेवा, आणि औषध थांबल्यापासून पुढे ८ आठवडे दोघांकडेही लक्ष ठेवा. औषध स्वस्त, रुग्ण भरपूर, आणि यातून जे उत्तर निघेल ते रोजच्या चिठ्ठीत वापरता येईल.

मलमवाल्यांना वगळू नका. ते वगळले तर तुमचा निकाल महाराष्ट्रातल्या कुठल्याच ओपीडीला लागू होणार नाही. एवढं करा:

- अंगावर लावायचं स्टिरॉइड आणि अँटिफंगल २ आठवडे बंद, पोटातलं अँटिफंगल ४ आठवडे बंद, मगच प्रवेश. स्टिरॉइड थांबल्यावर लाली आणि खाज काही दिवस उसळते, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर रुग्ण तेच मलम पुन्हा आणतो. तेवढ्या काळासाठी सेटिरिझिन १० मिग्रॅ आणि साधं मॉइश्चरायझर पुरतं.
- 'आधी स्टिरॉइड वापरलं' आणि 'नाही वापरलं' असे दोन थर करून प्रत्येक थराचं रँडमायझेशन (कोण कुठल्या गटात हे सोडतीने ठरवणं) वेगळं करा.
- मलमाचं नाव विचारून उपयोग नाही, ट्यूब आणायला सांगा. 'खाजेचं मलम' एवढंच लोकांना माहीत असतं. ट्यूबवर बेक्लोमेटासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काय आहे ते लिहून घ्या. २०१८ मध्ये अंगावर लावायची स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये (चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत) आली, तरी चिठ्ठीशिवाय मिळायची थांबलेली नाहीत.

आणि 'बरा' या शब्दाची व्याख्या आत्ताच लिहून काढा. चट्ट्याच्या जागी उरलेला काळसर डाग म्हणजे रोग उरला असं नाही. आपल्या त्वचेवर तो कित्येक महिने राहतो. हे व्याख्येत नसेल तर एक तपासनीस 'बरा' लिहील आणि दुसरा 'नाही'.

---

आकडेमोड

३०-३० हा आकडा बहुतेक बीएचयूच्या ६६ आणि २८ वरून आलाय. ८० टक्के पॉवर (खरा फरक असला तर तो पकडण्याची शक्यता) आणि ५ टक्के अल्फा (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) धरून गटामागे २४ येतात, गळती (मधूनच सोडून जाणारे) २० टक्के धरली की ३०. गणित बरोबर आहे, पण ३८ टक्क्यांचा फरक दरवेळी मिळेल हे गृहीत धरणं धोक्याचं. तोच फरक २० टक्क्यांचा निघाला (६६ विरुद्ध ४६), तर गटामागे ९३ लागतात, गळतीसह ११७.

वर सुचवलेल्या नव्या प्रश्नासाठी सूत्र तेच: (१.९६ + ०.८४) चा वर्ग म्हणजे ७.८४, त्याला दोन्ही गटांच्या p(१−p) च्या बेरजेने (p म्हणजे गटातलं यशाचं प्रमाण) गुणा आणि फरकाच्या वर्गाने भागा. औषध थांबवल्यावर ८ आठवडे स्वच्छ राहणारे एका गटात ५० टक्के आणि दुसऱ्यात ७० टक्के धरले, तर ७.८४ × ०.४६ ÷ ०.०४ = ९०.२, म्हणजे ९१. गळतीसह ११४, दोन्ही गट मिळून २२८. वर्षभरात महिन्याला १९ रुग्ण. गर्दीच्या ओपीडीला हे जड नाही.

आता खरी मेख. 'पुन्हा झालेले' हे फक्त बरे झालेल्यांतून मोजू नका. बरे कोण झाले हे उपचारानंतर ठरतं, त्यामुळे ते दोन उपगट एकमेकांसारखे उरत नाहीत आणि रँडमायझेशनचा फायदाच निघून जातो. मुख्य निष्कर्ष असा लिहा: 'रँडमाइझ केलेल्या सर्वांपैकी किती जण बरे झाले आणि औषध थांबल्यापासून ८ आठवडे बरेच राहिले.' जो आलाच नाही तो अपयशात. मग तो का आला नाही याचा फोन करून शोध घ्या आणि तक्त्यात वेगळा दाखवा.

बाकी थोडक्यात. ४ आणि ६ चे ब्लॉक (ज्यांत दोन्ही गटांचे रुग्ण समसमान येतात असे छोटे संच) मिसळून वापरा. सगळे ४ चेच असले तर चौथा रुग्ण कुठल्या गटात जाणार हे खोलीतल्या सगळ्यांना कळतं. गटाची चिठ्ठी असलेले लिफाफे अपारदर्शक, क्रमांक घातलेले, आणि उघडण्याआधी त्यावर रुग्णाचा नोंदणी क्रमांक व तारीख. ब्लॉक ठेवण्याचं आणखी एक कारण म्हणजे जून ते सप्टेंबरचा दमट काळ: त्या महिन्यांतले रुग्ण दोन्ही गटांत सारखे विभागले गेले पाहिजेत.

---

सूक्ष्मजीव_कट्टा

केओएचबद्दल. स्लाइड दोन प्रकारे फसवते. निगेटिव्ह आली तरी बुरशी असून दिसत नाही, कारण खरवड चुकीची असते. आणि उपचार चालू असताना पॉझिटिव्ह आली तरी ती बुरशी जिवंतच आहे असं म्हणता येत नाही, केओएचमध्ये मेलेला तंतूही तसाच दिसतो.

खरवड घेताना चट्ट्याची जागा ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मलमाचा तेलकट थर राहिला तर तेलाचे थेंब फुटलेल्या तंतूंसारखे दिसतात. १५ नंबरचं ब्लेड त्वचेला काटकोनात धरून चट्ट्याच्या पुढे सरकणाऱ्या काठावरून खरवडा. मधल्या भागात बुरशी विरळ असते आणि नवशिके नेमके तिथेच खरवडतात. पापुद्रे काळ्या कागदावर घेतले म्हणजे किती मिळाले ते दिसतं.

स्लाइडवर १० टक्के केओएचचा एक थेंब, वर कव्हरस्लिप, मग १५ ते २० मिनिटं थांबा. घाई असेल तर स्लाइड ज्योतीवरून हलकेच दोन-तीनदा फिरवा, पण वाफ दिसली की थांबा. उकळी आली तर स्फटिक बनतात आणि स्लाइड वाया जाते. १०च्या भिंगाखाली शोधा, ४०खाली खात्री करा, आणि कंडेन्सर खाली घ्या. कंडेन्सर वर असला की उजेडात तंतू विरघळल्यासारखे होतात. पॉझिटिव्ह स्लाइड हुकते ती बहुतेक इथेच.

खरा तंतू सारख्या जाडीचा, आडव्या पडद्यांचा आणि फाटे फुटलेला असतो, आणि पेशींच्या कडा ओलांडून जातो. पेशींच्या कडेकडेने नागमोडी धावणारी रेघ दिसली तर ती पेशींमधली जागा आहे, बुरशी नव्हे. कापसाचा धागा जाडीने कमीजास्त असतो आणि त्याला पडदे नसतात.

कल्चर (नमुन्यातली बुरशी वाढवून पाहणं) दोनदा ठेवा, प्रवेशाच्या वेळी आणि पुन्हा चट्टे उठले तर तेव्हा. सॅब्युरो अगार या वाढीच्या माध्यमात लिटरला सायक्लोहेक्सिमाइड ०.५ ग्रॅम आणि क्लोरॅम्फेनिकॉल ०.०५ ग्रॅम, तापमान २८ ते ३० अंश, निगेटिव्ह म्हणण्याआधी ४ आठवडे. इंडोटिनिई लवकर उगवते, पांढरी-मळकट, पिठूळ पृष्ठभागाची. पण नुसत्या डोळ्यांनी ती मेंटाग्रोफायटिस या जवळच्या जातीपासून वेगळी सांगता येत नाही, त्यासाठी डीएनएतल्या आयटीएस भागाचं सिक्वेन्सिंग (त्यातला क्रम वाचणं) लागतं. खर्च झेपत नसेल तर अहवालात 'मेंटाग्रोफायटिस समूह' इतकंच लिहा आणि वाढलेली बुरशी निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाण्यात घट्ट झाकणाच्या कुपीत साठवून ठेवा. पुढे निधी मिळाला तर पुन्हा उठलेले चट्टे जुन्याच बुरशीचे की बाहेरून आलेल्या नव्या, हे तपासता येईल.

---

त्वचा_निवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. गोळी थांबवण्याचा प्रश्नच घेते. दोन शंका उरल्यात. एका गटाचं औषध जास्त दिवस चालणार, तर ब्लाइंडिंग (कोण कुठल्या गटात हे लपवणं) कसं करायचं? आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला गजकर्ण असेल तर तो रुग्ण घ्यायचा का?

---

औषधखिडकी

ब्लाइंडिंग दोन प्रकारे होईल. फार्मसी विभाग सारख्या दिसणाऱ्या रिकाम्या कॅप्सूल भरून देत असेल, तर त्वचा स्वच्छ झाल्यावर सर्वांना २ आठवड्यांची बाटली द्या, एका गटात औषध आणि दुसऱ्यात स्टार्च. ते जमत नसेल तर किमान तपासणारा वेगळा ठेवा: गोळ्या देणाऱ्याने चट्टे तपासायचे नाहीत आणि तपासणाऱ्याने रुग्णाला गोळ्यांबद्दल एक शब्दही विचारायचा नाही. पहिला प्रकार निवडला तर ८ आठवडे मोजायला कधी सुरुवात करायची हे नीट ठरवा. स्टार्चवाल्याचं खरं औषध २ आठवडे आधीच थांबलेलं असतं. माझ्या मते दोघांनाही रँडमायझेशनच्या तारखेपासून ठरलेल्या एकाच आठवड्याला बोलवावं.

त्याहून जास्त लक्ष कॅप्सूलकडे द्या. इट्राकोनॅझोल म्हणजे कॅप्सूलच्या आत औषधाचा लेप दिलेले बारीक मणी. मण्यांचा आकार आणि संख्या ब्रँडनुसार बदलते, आणि त्याबरोबर रक्तात जाणारं औषधही बदलतं. म्हणून सगळ्या रुग्णांना एकच ब्रँड, शक्यतो एकाच बॅचचा. बाहेरून विकत आणायला सांगितलंत तर अभ्यास औषधाचा न राहता दुकानांचा होईल. कॅप्सूल भरल्या जेवणानंतर लगेच घ्यायची. पोटातलं आम्ल कमी झालं की शोषण घटतं, त्यामुळे पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल रोज घेणारे वगळा, आणि 'पित्ताची गोळी घेता का' असं साध्या शब्दांत विचारा. तिला लोक औषध समजत नाहीत आणि सांगत नाहीत.

हृदय निकामी होण्याचा इतिहास, सिम्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू असणं, यकृताचा आजार, गर्भधारणा: हे सगळे बाहेर. स्त्री रुग्णांना उपचार संपल्यानंतरच्या पाळीपर्यंत गर्भनिरोधन सांगा. यकृताच्या तपासण्या सुरुवातीला आणि ४ आठवड्यांनी. दर भेटीला रिकाम्या पट्ट्या परत मागवा आणि उरलेल्या कॅप्सूल मोजा.

सीटीआरआयवर (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी व्हायला हवी. एप्रिल २०१८ पासून नंतरची नोंदणी घेतलीच जात नाही. फोटोंसाठी संमतीपत्र वेगळं घ्या.

---

ओपीडी_बारा

घरात दुसरा रुग्ण असेल तरी आपला रुग्ण घ्या. फक्त घरातल्या त्या दुसऱ्या माणसावर त्याच दिवसापासून उपचार सुरू करा, पण अभ्यासाबाहेर, आणि 'घरात संसर्ग: आहे / नाही' असा रकाना ठेवा. एकाच घरातले दोघे अभ्यासात घेऊ नका, त्यांचे निकाल एकमेकांवर अवलंबून असतात.

स्वच्छतेच्या सूचना दोन्ही गटांना छापील आणि शब्दशः सारख्या द्या. टॉवेल आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे. संसर्गाचे कपडे बाकी धुण्यात न मिसळता ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवायचे आणि उलटे करून उन्हात वाळवायचे. घट्ट जीन्स बंद. करदोटा तपासायला मात्र विसरू नका. कमरेचा काळा दोरा अंघोळीनंतर तासन् तास ओला राहतो आणि चट्टा नेमका त्याच्या रेषेवर पुन्हा उठतो. काढायला सांगितलं तर पुष्कळ जण, विशेषतः म्हातारी माणसं, नकार देतात. मग उपचार सुरू होतानाच जुना टाकून नवा बांधायला सांगा आणि औषध थांबण्याच्या दिवशी पुन्हा बदलायला. याचाही रकाना हवा.

चट्ट्यांचं क्षेत्रफळ रुग्णाच्या स्वतःच्या पंजाने मोजा. बोटांसकट पंजा म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का. पहिल्या भेटीला जांघ, पार्श्वभाग आणि स्तनांखालची जागा पूर्ण उघडून पाहा, स्त्री रुग्णांसाठी परिचारिकेच्या उपस्थितीत. लाजेने दाखवलेली नसते अशी जागा सुटते, आणि तिथे राहिलेल्या चट्ट्याची दोन महिन्यांनी 'पुन्हा झाला' म्हणून नोंद होते.