मदत हवी आहे: चालण्यावर खेळायचा गेम आणि ओट्यावर राहिलेला फोन

नमस्कार मंडळी,

मी कोथरूडचा. नोकरी सांभाळून एका मित्राबरोबर ॲन्ड्रॉइडसाठी गेम करतोय. दिवसभरात तुम्ही जेवढं चालाल तेवढी तुमची दिंडी आळंदीहून पंढरपूरकडे सरकते. वाट साधारण २५० किलोमीटरची, म्हणून सोसायटीतल्या चार-पाच जणांनी मिळून एक दिंडी करायची. दिवेघाटात वेग मंदावतो, सासवडला मुक्काम. मुद्दाम व्यायाम कोणी करायचा नाही. मंडईत भाजी आणायला गेलात, ऑफिसात जिना चढलात, तर ते सगळं धरायचं, एवढाच आमचा हट्ट.

मोजणीला फोनमधलाच स्टेप काउंटर आहे. स्क्रीन बंद असली तरी मोजतो, बॅटरी फारशी खात नाही. फोन रीस्टार्ट झाला की आकडा शून्यावर येतो, ते सांभाळलंय.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. घरच्यांना खेळायला दिलं, तर संध्याकाळी आईच्या नावावर जेमतेम चारशे पावलं. बाई पहाटेपासून दूध, डबे, केर, गच्चीवरचं वाळवण यात उभी. फोन मात्र ओट्यावर मिक्सरशेजारी चार्जिंगला. साडीला खिसा नाही. "म्हणजे मी दिवसभर लोळत होते म्हण की!" असं म्हणून तिने ॲपच काढून टाकलं. उलट मित्र स्कूटरवरून खड्ड्यांतून गेला तरी त्याची पावलं वाढतात, आणि भाच्याने पाळण्यात फोन ठेवून झोके देत एका दुपारीत जेजुरी गाठली! भाच्याचं काही नाही, गाठो बापडा. पण आईचं काय करू?

मनगटी बँड ती कणीक मळताना घालणार नाही. "आज केर-फरशी केली" असं बटण दिलं तर रोज संध्याकाळी हजेरी लावल्यासारखं वाटेल. कोणी असं काही केलंय का?

टेकडीकर:
पोकेमॉन गो हा फोनवरचा चालत खेळायचा गेम सुरुवातीला, म्हणजे २०१६ मध्ये, ॲप उघडं असेल तरच अंडी उबवण्याचं अंतर धरायचा. २०१८ मध्ये त्यांनी फोनच्या हेल्थ डेटावरून ॲप बंद असतानाचं चालणंही घ्यायला सुरुवात केली. तुम्हीही हेल्थ कनेक्टमधून (वेगवेगळ्या ॲप्स-घड्याळांचा हेल्थ डेटा एकत्र ठेवणारी ॲन्ड्रॉइडची सोय) वाचा, म्हणजे ज्याच्याकडे जे घड्याळ असेल ते चालेल. आणि कृपा करून रोज १०,००० पावलांचं लक्ष्य ठेवू नका. तो आकडा १९६५ च्या जपानी पेडोमीटरच्या जाहिरातीतून आलाय, कुठल्या संशोधनातून नव्हे. प्रत्येकाची गेल्या दोन आठवड्यांची स्वतःचीच सरासरी धरा. आईची आठशे असेल तर हजाराला बक्षीस. आणि रोज सलग खेळायची सक्ती नको. एक दिवस ताप आला, साखळी तुटली, की लोक परत येत नाहीत.

ओसरी:
सरासरीचं पटलं, पण ओट्यावरच्या फोनची सरासरी काढून काय मिळणार? बटण ठेवा, फक्त ते आईच्या हातात देऊ नका. दिंडीतल्या बाकीच्यांना द्या. तिने काय केलं ते तुम्ही नोंदवायचं. त्यासाठी आधी ते दिसायला लागेल, तेवढा व्यायाम तुम्हालाही होईल. 😄 एक मात्र बघा, तिला गेममध्येही दिंडीच्या स्वयंपाकाला बसवू नका. ती चालणारीच असू दे.

बाकी तुळशीबागेत कमरेला खोचायचे बटवे मिळतात. माझ्या सासूबाई फोन त्यातच ठेवतात. घरातलं चालणं बऱ्यापैकी मोजलं जातं, पोळ्या लाटणं अर्थातच नाही.

धागाकर्ता:
ओसरी, बटणाची कल्पना जबरदस्त! या रविवारीच करून बघतो. बटवा आईच निवडेल, मी आणलेला ती वापरायची नाही. आता स्कूटर राहिली. वेग बघायला जीपीएस चालू ठेवला तर बॅटरी संपते. दुसरा मार्ग?

रानवाटा:
जीपीएस लागतच नाही. गुगलची ॲक्टिव्हिटी रेकग्निशनची सोय आहे. चालणं, धावणं, सायकल, वाहन, स्थिर यांतला बदल ती कमी बॅटरीत कळवते. 'वाहनात' असं आलं की 'चालतोय' येईपर्यंतची पावलं सोडून द्या. परवानगी तीच, ॲन्ड्रॉइड १० पासून पावलं मोजायला लागते ती, म्हणजे तुम्ही घेतलेलीच असणार. बदल कळायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे सिग्नलला उतरून स्कूटर ढकलणाऱ्याची दहा-वीस पावलं जातील. पाळणा मात्र ती ओळखेल असं वाटत नाही.