इतिहासात पीएच.डी. करायचीय, खरं घरात कोण ऐकंना

खानापूरचा पोरगा:
नमस्कार, बी.ए. इतिहास यंदा संपलं. घरातली म्हणतात बी.एड. कर आणि कुठंतरी चिकट. खरं मला संशोधनच करायचंय. प्राची देशपांडे मॅडमना 2020 चं इन्फोसिस प्राइझ मिळालं ते वाचल्यापासून डोक्यात बसलंय. फर्ग्युसन, मग जेएनयू, मग अमेरिकेत टफ्ट्सला पीएच.डी., बर्कलीत शिकवलं, आता कोलकात्यात प्रोफेसर, आणि काम सगळं मराठी इतिहासावर! मराठी मीडियमच्या पोरानं कुठनं सुरू करायचं? आजोबांच्या पेटीत मोडी कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, हाय, अक्षर लागत नाही.

मास्तर, बेळगाव:
बाळा, तो रुमाल हातचा घालवू नकोस, तिथनंच सुरू कर. देशपांडे मॅडमचं 2007 चं पुस्तक मराठ्यांचा इतिहास लोकांनी कसकसा सांगितला त्यावर हाय, आणि 2023 चं तर मोडीवर, कारकुनांच्या लिहिण्यावर. म्हणजे तुझ्या पेटीत हाय तोच माल. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात, मग तिला लोंबकळल्यासारखी अक्षरं, बोरू शक्यतो उचलत नाहीत, शब्द कुठं तुटला तेसुद्धा अंदाजानं धरायचं, म्हणून सुरवातीला डोळं दुखतात, दोन-तीन महिनं रोज अर्धा तास बसलास की लागतंय.

धारवाडची ताई:
मी धारवाडला एम.ए. केलं म्हणून सांगते, कन्नड वाचायला शीकच. 1956 पर्यंत आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळं जुनी दप्तरं मराठीत पण सापडतात आणि कन्नडात पण, दोन्ही वाचणारी माणसं लई कमी हाईत आणि आपल्याकडच्या पोरांना दोन्ही घरबसल्या कानावर पडतंय. एकाच भाषेवर अडून बसलास तर अर्धा जिल्हा तुला दिसणारच नाही. इंग्रजीला भिऊ नको, ते वाचून वाचून येतंय. एम.ए. करतानाच नेटचा, म्हणजे कॉलेजात शिकवायला लागणाऱ्या देशभरच्या परीक्षेचा, अभ्यास धर, त्यातनंच जेआरएफ निघाली तर संशोधनाला फेलोशिप मिळते, मग घरातली पण गप्प बसतील. कर्नाटकात लेक्चरर व्हायचं तर केसेट, म्हणजे राज्याची तसलीच परीक्षा, पण हाय.

खानापूरचा पोरगा:
लई उपकार झाले सर, ताई. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.ए.चा फॉर्म भरतोय. काल रात्री रुमालाची गाठ सोडली, वरच्या कागदावर पहिलं 'श्री' लागलं, त्याच्या खाली गावाचं नाव असंल असं वाटतंय, फोटो टाकू काय?

मास्तर, बेळगाव:
टाक की. उजेडात काढ, आणि घडीवर जोर देऊ नकोस, कागद तिथंच फाटतंय.