मदत हवी: बिनबेलचा जुना फोन आणि हँडलवाला बेलचा डबा, जोडणी कशी करावी?

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहितोय.

आमच्या आडत दुकानाच्या माळ्यावर एक काळा बेकलाइटचा चकतीवाला फोन आहे. बुडाला रुंद, वर निमुळता. आजोबांनी हैदराबादहून आणलेला, एवढंच घरच्यांना माहीत. दिवाळीपर्यंत तो गल्ल्याशेजारी ठेवायचा आणि आलेला फोन त्यावर घ्यायचा, एवढीच इच्छा आहे.

अडचण अशी की फोनच्या पोटात बेलच नाही. बूड उघडलं तर हुकच्या पत्त्या, चकतीमागचे संपर्क आणि स्क्रूंची एक पट्टी, एवढंच. बाहेर कापडी वेष्टणाची तीन तारांची दोरी येते. रंग उडालेत, तिन्ही तारा आता चहाच्या रंगाच्या.

म्हणून जुन्या बाजारातून बेलचा एक सागवानी डबा घेतला. समोर पितळी वाट्या, बाजूला फिरवायचं हँडल. आत नालासारखे लोहचुंबक, एक छोटी कॉइल आणि खाली सेल ठेवायचा रिकामा कप्पा.

डब्यातल्या बेलची दोन टोकं लाइनला लावली की घरातला कॉर्डलेस मुका होतो आणि बाहेरून कुणी फोन केला तर एंगेज लागतो. टोकं काढली की सगळं पूर्ववत. मल्टीमीटरवर बेल साधारण १००० ओहम दाखवते, म्हणजे जळालेली नाही. लाइन फायबरची आहे, फोनची वायर मोडेमच्या डब्यातून येते.

बेल लाइन अडवून का बसते? आणि या फोनच्या तीन तारा त्या डब्यात कुठं जातात? जाणकारांनी सांगावं. डबा तोडफोड करून वापरायचा नाही, हेही आधीच सांगतो.

लाइनमन_निवृत्त, परभणी

भाऊ, तुमच्याकडं दोन वेगळ्या घरची माणसं आहेत, त्यांचं लग्न लावायला निघालात.

वर्णनावरून फोन ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या १६२ नंबरच्या घराण्यातला वाटतो. तो नमुना १९२९ चा. त्यात बेल, इंडक्शन कॉइल (बोलण्याचा आवाज लाइनवर चढवणारी तारेची गुंडाळी) आणि कंडेन्सर हे सगळं बाहेरच्या वेगळ्या डब्यात असायचं. बेल फोनच्याच बुडात आली ती १९३७ च्या ३३२ पासून. म्हणजे तुमचा फोन अर्धाच आहे, उरलेला अर्धा त्याच्या मूळ डब्यासोबत गेला.

तुम्ही आणलेला डबा मॅग्नेटोचा. हँडल फिरवलं की वीज तयार व्हायची आणि पलीकडची बेल वाजायची किंवा एक्सचेंजच्या बोर्डावरची झडप पडायची. बोलण्यासाठी लागणारी वीज डब्यातल्या सेलची. लाइनवर एक्सचेंजचे ४८ व्होल्ट नसायचेच, त्यामुळे बेल सरळ लाइनवर टाकली तरी बिघडायचं नाही.

आता तुमच्या लाइनवर डीसी सतत उभा आहे. हजार ओहमची बेल आडवी टाकली की त्यातून २०-२५ मिलीअँपिअर सहज वाहतात. मोडेम समजतो कुणीतरी रिसीव्हर उचलला. म्हणून कॉर्डलेस मुका आणि बाहेरच्याला एंगेज.

उपाय स्वस्त आहे. बेलच्या एका टोकात कंडेन्सर घाला. सीलिंग फॅनचा अडीच मायक्रोफॅरडचा चालतो, गंजगोलाईत कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल. तो डीसी अडवतो आणि रिंगचा एसी जाऊ देतो. प्लस-मायनस लिहिलेला इलेक्ट्रोलिटिक मात्र घालू नका.

आणि हे फार महत्त्वाचं: बेलची दोन्ही टोकं डब्यातल्या बाकी वायरिंगपासून सोडवा आणि हँडलच्या जनरेटरचा लाइनशी काडीचाही संबंध ठेवू नका. पोरं आली की पहिला हात हँडललाच जातो. जोरात फिरवलं तर ७०-८० व्होल्ट निघतात, ते उलटे मोडेमच्या पोर्टात गेले तर पोर्ट गेलाच समजा. सोडवलेल्या तारांना चिठ्ठ्या बांधा, वेष्टण गुंडाळून आतच ठेवा. डबा जसा होता तसा परत करता येतो.

बोलण्यासाठी डब्यातली कॉइल कामाची नाही, ती सेलवर चालणाऱ्या सर्किटची आहे. भंगारातून चकतीवाला एखादा काळा देशी फोन घ्या. बेंगळुरूच्या आयटीआय कंपनीचे ढिगानं पडलेत. त्यातली कॉइल आणि कंडेन्सर काढा, छोट्या पट्टीवर बसवा आणि पट्टी सागवानी डब्यातल्या सेलच्या कप्प्यात ठेवा. कप्पा तसाही रिकामाच आहे.

तीन तारांचं म्हणाल तर रंगावर जाऊ नका. फोन लाइनपासून सोडवून मल्टीमीटरवर कंटिन्युइटी, म्हणजे कुठल्या तारा आतून जुळलेल्या आहेत ते, बघा. रिसीव्हर ठेवलेला असताना आणि उचलल्यावर कुठल्या दोन तारांत फरक पडतो? चकती फिरवून सोडल्यावर कुठं सुई नाचते? माउथपीसमध्ये फुंकर घातली की कुठला ओहम हलतो? तेवढ्यावरून कुठली तार लाइनची, कुठली माइकची आणि कुठली रिसीव्हरची ते सुटतं. उत्तरं इथं टाका, मग पुढचं सांगतो.

टिकटिक

एवढा खटाटोप कशाला राव? आतलं सगळं काढा आणि ब्लूटूथचा सर्किट बोर्ड बसवा. मोबाइलचा कॉल त्यावर येईल.

लाइनमन_निवृत्त, परभणी

ज्याची त्याची हौस. पण ही असली चकती एकदा भंगारात गेली की तशी परत मिळायची नाही.

प्रश्नकर्ता

काका, मनापासून आभार. फॅनचा कंडेन्सर घातला, कॉर्डलेस आता नीट चालायलाय. एंगेजही बंद. बाहेरून फोन केला की बेल वाजते, पण फार बारीक, हातोडी एकाच वाटीला लागते.

तारांचं असं दिसलं: रिसीव्हर उचलला की पहिली आणि दुसरी जुळतात, चकती सोडली की त्यांच्यातच सुई नाचते, आणि माउथपीस हलवला की ओहम वरखाली होतो. तिसरी आणि दुसरीत मीटर लावल्यावर रिसीव्हरमधून कानाला खरखर येते. आयटीआयचा एक तुटका फोन नांदेडच्या मित्राकडं आहे, कॉइल त्यातूनच घेतो.

लाइनमन_निवृत्त, परभणी

मग चित्र साफ आहे. पहिली लाइनला, दुसरी कॉइलच्या प्राथमिक गुंडाळीतून लाइनच्या दुसऱ्या बाजूला, तिसरी दुय्यम गुंडाळी आणि कंडेन्सरमधून. कॉइलची टोकं ओळखताना कमी-जास्त ओहमवर विसंबू नका, आयटीआय फोनची जोडणी आधी कागदावर उतरवून घ्या, मगच सोल्डरचे डाग काढा. आवाज दबका आला तर हँडसेट तळहातावर हलकेच आपटा, माइकमधला कोळशाचा चुरा बसलेला असतो.

बेलच्या वाट्या मधल्या स्क्रूवर किंचित केंद्र सोडून बसवलेल्या असतात. स्क्रू सैल करून वाटी थोडी फिरवली की हातोडीपासूनचं अंतर बदलतं. दोन्हीकडं नखाएवढी फट राहू द्या. शिवाय मोडेमची रिंग जुन्या एक्सचेंजइतकी दमदार नसते. तिकडं ७५ व्होल्टच्या आसपास असायची, इथं बरीच कमी. कॉर्डलेसचा बेस काढून बघा, दोन्ही मिळून पोर्टावर ओझं होत असेल. मोडेमच्या सेटिंगमध्ये रिंगची फ्रिक्वेन्सी असेल तर २५ हर्ट्झ ठेवा.

चकतीनं नंबर लावताना बेल टिकटिकली तर बेलची दोन टोकं उलटसुलट करा. नंबर लागतोय का ते बघून सांगा. बरेच मोडेम चकतीचे पल्स ओळखत नाहीत, त्याला पल्सचं टोनमध्ये रूपांतर करणारी छोटी डबी लागते. पण तुम्हाला फोन नुसते घ्यायचेत ना? मग दिवाळीआधी तिची गरज नाही.

प्रश्नकर्ता

नांदेडचा फोन रविवारी येतोय. वाट्या फिरवल्या, आता दोन्ही वाजतात. दुकानातला हमाल लगेच विचारायला आला, कुणाची सायकल आली म्हणून.