मदत हवी आहे : ९ मे आणि इस्रायलमधली रशियन वर्तमानपत्रं

राम राम मंडळी. मी अमळनेरची, जळगावला इतिहासात एम.ए. करतेय. सोव्हिएत संघातून इस्रायलला गेलेल्यांनी ९ मेचा विजय दिन (दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीवर मिळवलेल्या विजयाचा दिवस) तिथे कसा रुजवला, यावर प्रबंध लिहायचाय. १९९०च्या दशकात लाखो माणसं तिकडे गेली. १९९२मध्ये 'वेस्ती' हे रशियन वर्तमानपत्र निघालं, २००२मध्ये रशियन टीव्ही चॅनल आलं, आणि २०१७मध्ये तिथल्या संसदेने हा दिवस पाळण्याचा कायदाच केला. या प्रवासात वर्तमानपत्रांचा वाटा किती, हे मला शोधायचंय.

विषय सुचला घरातल्या पेटीमुळे. आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. त्यांचं पदक आजीने लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून ठेवलंय, फीत पार विरलीय. आमच्या गावात त्यांच्या नावाने एकही दिवस नाही, याचं फार वाईट वाटतं.

रशियन किंवा हिब्रू वाचणारं कुणी आहे का? इस्रायलमधल्या आपल्या बेने इस्रायली (कोकणातून तिकडे गेलेल्या मराठी ज्यू) मंडळींच्या 'मायबोली' या मराठी नियतकालिकाचे जुने अंक कुणाकडे असतील, तर मे महिन्याच्या आसपासच्या पानांचे फोटो पाठवाल का? ते लोक हा दिवस आपला मानतात का, हे मला त्यांच्याच मराठीत वाचायचंय.