अर्धा गुडघा बदलल्यावर वाटीजवळ दुखते. पूर्ण सांधा बदलण्याची घाई करावी का?

प्रश्न

माझे वय ६३ आहे. पाच महिन्यांपूर्वी माझ्या उजव्या गुडघ्याच्या फक्त आतल्या बाजूचा सांधा बदलण्याची, म्हणजे पार्शियल नी रिप्लेसमेंटची, शस्त्रक्रिया झाली. ज्या दुखण्यासाठी ती करून घेतली ते दुखणे पूर्ण थांबले असून सपाट रस्त्यावर मी पाऊण तास चालते. मात्र गेल्या दोन महिन्यांपासून वाटीच्या मागे आणि वाटीच्या खाली वेगळीच कळ येते. जिना चढताना ती सोसवते, पण उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरावी लागते, आणि आमचे घर तिसऱ्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही. टाक्यांच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढी जागा बधिर आहे. ताप नाही, सूज नाही, जखमही वेळेवर भरली.

एका डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांधा नीट बसला असल्याचे सांगितले. दुसऱ्यांनी वाटीचीही झीज दाखवून पूर्ण सांधा बदलून घ्या, असे सुचवले. वाटीची झीज आधीपासूनच होती, तर मग पहिली शस्त्रक्रियाच चुकली का, या विचाराने रात्री झोप लागत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (स्वतः रुग्ण, शस्त्रक्रियेला तीन वर्षे झाली)

ताई, बधिरपणाची काळजी करू नका, एवढे मी स्वानुभवाने सांगू शकते. गुडघ्याच्या पुढच्या त्वचेला संवेदना देणारी बारीक नस चिरेच्या वाटेतच येते आणि ती कापली जाते, असे मला समजावण्यात आले होते. माझी बधिर जागा वर्षभरात निम्मी झाली, पण पूर्ण गेली नाही. देव्हाऱ्यासमोर गुडघे टेकताना अजूनही विचित्र वाटते, म्हणून मी जाड उशी घेते. पाचव्या महिन्यात मलाही पुढच्या बाजूला दुखत असे. ते हळूहळू कमी होत दीड वर्षाने थांबले.

उत्तर २ (अस्थिरोगतज्ज्ञ)

आपल्या मनातल्या शंकेपासून सुरुवात करतो. १९८९ मध्ये कोझिन आणि स्कॉट या अमेरिकी शल्यविशारदांनी या शस्त्रक्रियेसाठी जे निकष मांडले, त्यांत वाटीखालचे हाड उघडे पडले असल्यास ती टाळावी असे होते, आणि अनेक डॉक्टर आजही त्याच चौकटीत विचार करतात. पुढे इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या शल्यविशारदांच्या गटाने आपल्या रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला, तेव्हा वाटीच्या मध्यम झिजेचा किंवा शस्त्रक्रियेपूर्वी गुडघ्याच्या पुढच्या बाजूला असलेल्या दुखण्याचा निकालावर फारसा परिणाम होत नाही, असे त्यांना आढळले. वाटीच्या बाहेरच्या कडेची तीव्र झीज मात्र त्यांनी अपवाद मानली. त्यामुळे केवळ झीज दिसते म्हणून आपली शस्त्रक्रिया चुकली, असे मला म्हणता येणार नाही.

आता एक काम करावे. खुर्चीत बसून दुखण्याच्या जागेवर फक्त एक बोट ठेवावे आणि ती जागा लिहून ठेवावी, कारण ‘पुढे दुखते’ या दोन शब्दांत अनेक निरनिराळी दुखणी दडलेली असतात. वाटीखाली, वाटीला नडगीशी जोडणाऱ्या स्नायुबंधाच्या दोन्ही अंगांना दुखत असेल, तर तिथली चरबीची गादी चिमटत असण्याची शक्यता असते. बोट त्याहून खाली, नडगीच्या आतल्या कडेवर पडत असेल, तर नव्या भागाखालचे हाड बदललेल्या भाराशी जुळवून घेत असते, आणि हे दुखणे बहुधा एक-दोन वर्षांत ओसरते. खालचा धातूचा भाग हाडाच्या कडेबाहेर आला असेल, तर तेही तिथेच टोचते. चिरेवर टिचकी मारताच झिणझिणी उठत असेल, तर दुखणे नसेचे समजावे. या सगळ्यांचे उपाय वेगळे आहेत आणि पूर्ण सांधा बदलणे हा त्यांतल्या बहुतेकांवरचा उपाय नव्हे.

एक्स-रे उभ्याने, बाजूने आणि वाटीचा स्कायलाइन (गुडघा वाकवून वाटी आणि तिच्यामागचा सांधा दाखवणारा) असे तिन्ही असावेत. सीआरपी आणि ईएसआर या, शरीरातला दाह किंवा जंतुसंसर्ग सुचवणाऱ्या, रक्ततपासण्याही करून घ्याव्यात. नव्या भागाखाली बारीक काळी रेघ दिसली म्हणजे सांधा सैल झाला असे नसते. ती रेघ रुंद होत आहे का, हे जुन्या एक्स-रेशी ताडून पाहावे लागते. कारण सापडल्याशिवाय केलेल्या दुसऱ्या शस्त्रक्रियेने दुखणे जाईलच याची खात्री देता येत नाही, आणि मी माझ्या रुग्णांना हे अत्यंत कळकळीने सांगतो. मात्र रात्री बसल्याजागी ठणका लागला, गुडघा गरम होऊन सुजला, चिरेतून पाणी आले, किंवा गुडघा अचानक अडकला, तर एक दिवसही न थांबता दाखवावे.

उत्तर ३ (फिजिओथेरपिस्ट)

जिना उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार झेलत असतो. तो अशक्त असेल तर त्याची झळ वाटीला लागते. वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटर वर टेप लावून दोन्ही मांड्यांचा घेर मोजावा. फरक आढळला, तर सरळ पाय उचलणे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय ताठ करणे आणि दुखणे निवळल्यावर कमी उंचीच्या पाटावरून सावकाश उतरणे, हे व्यायाम फिजिओच्या देखरेखीखाली किमान तीन महिने करावेत. तोपर्यंत मांडी घालून किंवा उकिडवे बसू नये, खुर्चीची बैठक उंच करावी, आणि जिना चढताना आधी डावा पाय वर, उतरताना आधी उजवा पाय खाली टाकावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. काल टेप लावून पाहिले, तर उजव्या मांडीचा घेर डाव्यापेक्षा अडीच सेंटिमीटरने कमी भरला. सहाव्या आठवड्यानंतर चालता येते म्हणून मी व्यायाम सोडून दिले होते, हेही कबूल करते. बोट ठेवल्यावर जागा वाटीच्या लगेच खाली, स्नायुबंधाच्या आतल्या अंगाला येते, आणि नडगीवर दाबले तर काहीच दुखत नाही. स्कायलाइन एक्स-रे आजवर काढलाच गेला नव्हता, असे फाइल चाळल्यावर लक्षात आले. तो आणि रक्ततपासण्या या आठवड्यात करून माझ्या मूळ शल्यविशारदांना दाखवते, आणि दुसऱ्या ठिकाणी पूर्ण सांध्यासाठी घेतलेली तारीख आज सकाळीच फोन करून रद्द केली आहे.