देणगी मागण्याच्या कामात आनंद असतो का?

मुक्ता_सातारा:
देणग्या गोळा करते म्हटलं की लोक माझी कीव करतात. मला मात्र हे काम मनापासून आवडतं. मुलींच्या वसतिगृहाला कंपन्यांच्या सामाजिक निधीतून (सीएसआर) इमारत मिळते, पण वीजबिल आणि गृहमातेचा पगार साधी माणसंच भागवतात. आमच्या एक आजी, निवृत्त शिक्षिका, दर जूनला पेन्शनमधून दोन मुलींच्या वह्यापुस्तकांचा खर्च देतात. यंदा त्यातली एक बारावीला गणितात राहिली. आजींना तेही कळवलं. म्हणाल्या, "रविवारी पाठव तिला माझ्याकडे. पुस्तक घेऊन ये म्हणावं." रयतच्या वसतिगृहांसाठी गावोगावच्या बायका मूठ-मूठ धान्य बाजूला काढत. त्या मुष्टिफंडातल्या बायका आणि कर्मवीर भाऊराव एकाच कामाचे होते. मी तेच नातं शोधते.

हिशेबनीस:
कळकळ पोचली, मुद्दा पटला नाही. जिव्हाळा वाढला की देणारा हक्क सांगू लागतो. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख देऊ केले, अट आईचं नाव देण्याची. अट उघड होती, म्हणून सगळ्यांना तोलता आली. जिव्हाळ्याच्या अटी कुठे लिहिलेल्या असतात? 'आमच्या भाच्याला चिकटवून घ्या', 'नातवाच्या वाढदिवसाला मुलं रांगेत उभी करा, केक आणतो'. हे ट्रस्टचे हिशेब लिहिताना पाहिलंय. वेळेवर पावती, ऑडिट झालेला ताळेबंद आणि दोन ओळींचे आभार, एवढ्यात देणगीदाराचा पुरेसा मान राखला जातो.

शहरी_पाखरू:
मुक्ताताई, मी मॉलबाहेर उभी राहून दरमहाच्या देणगीचे फॉर्म भरून घ्यायचे. नोकरी एजन्सीची, टार्गेट रोजचं. माणूस थांबला की आधी त्याच्या बँकेचा तपशील मिळवायचा, पुढे त्याच्याशी बोलणार दुसराच कुणी. आनंद वाटायला निदान त्या माणसाला पुन्हा भेटता तरी यावं!

देणारा_एक:
मी देणगीदार. नव्या करप्रणालीत गेल्यापासून देणगीवरची ८०जीची करवजावट मिळत नाही, तरी एका संस्थेला देणं चालू आहे. त्यांनी पत्रात लिहिलं होतं की बोअरला पाणी लागलं नाही, खर्च वाया गेला, उरलेल्या पैशांत टाकी बांधतोय. ताळेबंदात हे एका आकड्यात दडलं असतं. हिशेबनीस, मला ताळेबंद हवाच, पण ते पत्रही हवं.

मुक्ता_सातारा:
पाखरू, तुझं खरं आहे. रोजच्या टार्गेटवर नातं जुळत नाही, आणि हे विश्वस्तांना ऐकवणं मी माझ्या कामाचाच भाग समजते. हिशेबनीस, केक आमच्याकडे बंद आहे. वाढदिवसाला येणाऱ्यांनी स्वयंपाकघरात पोळ्या लाटायच्या आणि मुलींच्या पंगतीत जेवायचं. काही जण रागावून गेले, जाऊ दिले. भाच्याला नाही म्हणता येत नसेल तर तिथे जिव्हाळा नाही, मिंधेपणा आहे.

हिशेबनीस:
पोळ्यांचं आवडलं. पण उद्या तुम्ही नोकरी सोडलीत तर आजी संस्थेच्या राहतील की तुमच्या? कार्यकर्ता गेला की त्याचे देणगीदार पांगलेले मी पाहिलेत.

मुक्ता_सातारा:
म्हणूनच आजींकडे मी एकटी जात नाही. गृहमाता बरोबर असतात आणि रविवारी ती मुलगी तर जातेच. हल्ली आजींचे फोन थेट वसतिगृहात येतात, तिच्या चाचणीचे मार्क विचारायला.