कुत्रा चावला तर दहा दिवस वाट बघायची की लगेच इंजेक्शन?

घाटावरचा:
भाच्याला काल सोसायटीतला कुत्रा पोटरीला चावला, दात लागलेत, थोडं रक्त आलं. दाजी म्हणतात कुत्रा रोजच्या बघण्यातला आहे, दहा दिवस लक्ष ठेवू, काही झालंच त्याला तर इंजेक्शन घेऊ. मला तरी हे पटतंय. रेबीजची लक्षणं यायला दोन-तीन महिने लागतात म्हणे, मग दहा दिवसांत असं काय आभाळ कोसळतंय?

सूक्ष्मदर्शी:
दोन-तीन महिने हे साधारण झालं, कधी आठवड्यातही होतं आणि कधी वर्ष लागतं. या काळात व्हायरस गप्प बसलेला नसतो. लाळेतून स्नायूत येतो, नस जिथे स्नायूला मिळते तिथल्या रिसेप्टरला (पेशीवरच्या खुंटीसारख्या प्रोटीनला) चिकटतो, मग पेशी स्वतःच त्याला पिशवीत घेऊन गिळते. ती पिशवी आतून आम्लधर्मी झाली की व्हायरसचं आवरण तिच्या भिंतीत मिसळतं आणि आरएनए, म्हणजे व्हायरसची कॉपी काढायची माहिती असलेला धागा, पेशीत मोकळा. हा आरएनए उलटा असतो, आपल्या पेशीला थेट वाचताच येत नाही, म्हणून कॉपी काढणारं एन्झाइम (ते काम करणारं प्रोटीन) पठ्ठ्या सोबतच घेऊन येतो. सगळी मिळून प्रोटीन्स पाच, बाकी कच्चा माल आपला. नसेत पेशीची स्वतःची मालगाडी असते, तिच्यात बसून मणक्याकडे. एकदा नसेत शिरला की रक्तातल्या अँटिबॉडी (व्हायरसला पकडणारी प्रोटीन्स) त्याला सहसा गाठत नाहीत, आणि लस घेतल्यावर अँटिबॉडी बनायलाच आठवडा-दोन आठवडे जातात. आता धरा हिशोब दाजींच्या दहा दिवसांचा.

नानाची टांग:
अहो पण तो दहा दिवसांचा नियम काय दाजींनी काढला का? डॉक्टरच सांगतात. व्हायरस आधी कुत्र्याच्या मेंदूत जातो, तिथून लाळग्रंथीत उतरतो, म्हणजे चावताना लाळेत असेल तर कुत्रा दहा दिवसांत आजारी पडणार किंवा मरणार. धडधाकट राहिला तर लाळेत नव्हताच. इतकं साधं असताना लोकांना घाबरवून लस संपवायची, आणि खरंच पिसाळलेला चावलेल्या गावाकडच्या माणसाला मिळत नाही.

सूक्ष्मदर्शी:
नाना, नियम बरोबर, तुम्ही लावताय उलटा. कुत्रा ठीक राहिला तर लस *थांबवता* येते, सुरू मात्र आजच करायची. आज, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी डोस होतात, दहाव्या दिवशी कुत्रा शेपूट हलवत असेल तर पुढचा डॉक्टरांना विचारून सोडा. आणि भटका कुत्रा दहा दिवस रोज दिसेलच याची हमी कोण देतंय?

कोकणी मावशी:
आमच्या वेळी पोटात 14 इंजेक्शनं, त्या भीतीनेच लोक चुना नि मिरची लावून बसायचे. आता दंडात देतात, तरी भीती तीच. घाटावरचा, जखम साबणाने धुतली का ते सांग आधी, वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटं. चुना-हळद काही नको.

सूक्ष्मदर्शी:
मावशी बरोबर. व्हायरसचं आवरण चरबीचं असतं, साबणाने फाटतं. शिवाय रक्त आलंय म्हणजे लसीबरोबर जखमेतही इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी, टोचावं लागतं, लसीचा असर येईपर्यंत तेच राखण करतं.

नानाची टांग:
आणि ते इम्युनोग्लोब्युलिन मिळतं कुठे? तालुक्याला विचारा, जिल्ह्याला पाठवतात. पुस्तकातलं सगळं बरोबर असतं हो.

सूक्ष्मदर्शी:
मग जा जिल्ह्याला, आणि लस तोवर तालुक्यालाच सुरू करा. थांबायचं का नाही ते ऐका: 1903 मध्ये नेग्री नावाच्या इटालियन डॉक्टरने मेंदूच्या पेशींत गोल ठिपके पाहिले होते, ते म्हणजे या व्हायरसचे कॉप्या काढायचे अड्डे. बहुतेक वेळा पेशी फुटतही नाही, जिवंत ठेवूनच राबवून घेतो, म्हणून शरीराला पत्ता उशिरा लागतो. पाण्याची भीती, म्हणजे रेबीजचं लक्षण, दिसायला लागली की उपचार जवळपास नाहीच.

घाटावरचा:
धुतली होती, पण नुसत्या पाण्याने. दाजींना फोन लावतोय, पोराला आता सिव्हिलला नेतो. कुत्र्यावर लक्ष वॉचमन ठेवेल.

नानाची टांग:
न्या. पण तो कुत्रा लसवाला असेल तर उगाच गेलात म्हणेन मी.

सूक्ष्मदर्शी:
कुत्र्याचं कार्ड घेऊन जा, काय ते डॉक्टर ठरवतील. त्यासाठी थांबू नका.